सदतिसावा प्रश्न

आग्वा सार्का, १६ नोव्हेंबर

आल्ताग्रासिया,

कोमाद्रे लिहिलेलं नाही, नीट बघून घे. आपण लहानपणी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकाच ओढ्यावर कपडे धुतले. मग माझ्या सेनाइदाला तू बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंस आणि रिवाजाप्रमाणे त्या दिवसापासून आपण एकमेकींना 'कोमाद्रे' आणि 'तुम्ही' म्हणायला लागलो. बावीस वर्षं म्हटलं. पोर गेली तरी म्हटलं. आता पुरे. आजपासून तू नुसती तू.

एलेउतेरिओच्या बसमधून लाल पिशवी पाठवतेय. साखर मोजायचं यंत्र, उरलेल्या पट्ट्या, सुया, कोरे फॉर्म, सगळं आहे. वजनकाटा बसला नाही, तो दवाखान्यात ठेवलाय. सहा वर्षं ती पिशवी खांद्याला लावून मी हा डोंगर चढले-उतरले, कुत्री चावून घेतली, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. एक पैसा मागितला नाही. आता तुमच्या साखरेच्या संशोधनाशी माझा संबंध नाही.

का, ते तुला माहीत आहे. तरी सांगते, कारण तू तोंड वर करून 'काय झालं' विचारशील.

परवा, मधुमेह दिनाला, तालुक्याच्या रेडिओवर तू बोलणार म्हणून मीच आळीतल्या बायकांना गोळा केलं होतं. मीच! 'आमची आल्ता बोलणार आहे, या गं' म्हणून. आमचा घरधनी फिदेन्सिओ दारात कणसं सोलत बसला होता. तू छान बोललीस. बाटलीतलं काळं गोड पाणी पोरांना पाजू नका, रक्त तपासून घ्या, रोज संध्याकाळी घरातल्या माणसाला तळपाय दाखवा. माझी छाती फुगली. मग तू म्हणालीस, 'आता एका आईची गोष्ट सांगते.'

नाव बदललंस. गाव बदललंस. मुलीचा मुलगा केलास. शाब्बास! आणि पुढच्याच वाक्याला म्हणालीस, 'पवित्र क्रूसाच्या सणाला, गिरणीवाला फुकट दळून देतो त्या दिवशी.' अगं, या अख्ख्या डोंगरात तीन मेला फुकट दळणारी गिरणी एकच, आपल्या डोन माकारिओची. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बायकांनी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्याजणी खाली जमिनीकडे बघायला लागल्या, तेव्हाच मला कळलं की कळलं.

आणि तू सांगत राहिलीस. ती आई झोपलेल्या लेकराला घरात एकटं टाकून दळायला गेली. लेकरू उठलं आणि पाण्याच्या टाकीत पडलं. आई आली, माणसं जमली, आणि ती सासूकडे बोट करून ओरडली, 'तुमच्याजवळ ठेवून गेले होते मी!' तो धक्का तिच्या रक्तात बसला आणि तिची साखर झाली, असं ती मानते. म्हणून बारा वर्षं तपासणीलाच गेली नाही.

फिदेन्सिओनं हातातलं कणीस टोपलीत ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. आत गेला, पेटीच्या तळाशी असलेला आईचा फोटो काढला, अंगरख्यात घातला आणि भावाच्या घरी गेला. मृतांच्या दिवशी त्यानं हा फोटो घरच्या वेदीवर कधी मांडला नव्हता. सासूबाई गेल्या त्यालाही अकरा वर्षं झाली. जिवंतपणी शेवटची नऊ वर्षं त्यानं आईच्या हातची मक्याची तोर्तिया खाल्ली नाही, माझ्या त्या एका ओरडण्यावरून.

सदतीस नंबरचा प्रश्न होता तो. 'कोणत्या धक्क्यामुळे तुम्हाला साखर लागली असं वाटतं?' डॉक्टरीणबाई विल्याग्रान म्हणाल्या होत्या, 'धक्क्यानं साखर होत नाही, पण लोक तसं मानतात आणि धक्का उतरवत वर्षं घालवतात. ती किती वर्षं, ते मला हवंय.' आणि त्यांच्यासाठी घरोघर फॉर्म भरत हिंडणाऱ्या आपण नऊजणींनी त्यांच्यासमोर शपथ घेतली होती, चटईवर ऐकलेलं चटईखालीच राहील. माझा फॉर्म तू भरलास, तुझ्या चुलीपाशी. जगाला मी सांगते, बस दरीत गेली त्याचा धक्का. तुला खरं सांगितलं. जगात एकट्या तुला.

केसानं गळा कापलास, आल्ता.

एर्मेलिंदा


३० नोव्हेंबर

आल्ताग्रासिया,

पत्र मिळालं. एलेउतेरिओनं बस थांबवून हाक मारून दिलं, म्हणजे आता त्यालाही माहीत झालं की आपलं काय चाललंय.

'नाव घेतलं नव्हतं,' म्हणतेस. 'डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी ओळखणार नाही.' त्या शहरातल्या. त्यांच्या इमारतीत शेजारच्या दारामागे कोण मेलं ते आठवड्यानं कळतं. तू तर इथली ना? आपल्याकडे कोणाची कोंबडी कुठे अंडं घालते तेही सगळ्यांना ठाऊक असतं, हे तालुक्याला नोकरी लागल्यावर दोन वर्षांत विसरलीस?

गोष्ट ऐकून एकतीस बायका तपासणीला आल्या, असं लिहितेस. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. त्यातल्या अकराजणींना साखर निघाली, त्या वाचतील. वाचोत बाई. पण तू मला विचारायचं होतंस. एक पत्र, एक निरोप. 'एर्मेलिंदा, सांगू का?' मी नाही म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाहीस. तू चुकून नाही बोललीस, ठरवून बोललीस, आणि तेच मला गिळता येत नाही.

फिदेन्सिओ अजून भावाकडेच आहे. गुरुवारी मका न्यायला आला. मी म्हटलं, 'बीन्स उकडलेत, बस.' म्हणाला, 'नको.' मी म्हटलं, 'मग शिव्या तरी दे.' त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि गेला. वीस वर्षांपूर्वी आईशी वागला तसाच माझ्याशी वागतोय. मला त्याची ही चाल चांगली माहीत आहे. मीच शिकवली त्याला.

माझे पाय कोण बघतं, असं विचारलंस. तुला काय त्याचं? 'तळपाय दाखवा' हे तूच गावाला शिकवलंस. साखरेनं पायाची जाणीव मरते, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं. आधी सगळे खिदळले. डोन माकारिओ म्हणाला, 'तीस वर्षांत बायकोनं माझं तोंड नीट बघितलं नाही, आता पाय बघणार?' पण नंतर संध्याकाळी दारादारात लोक पाय पसरून बसायला लागले. फिदेन्सिओ माझे पाय मांडीवर घ्यायचा. अंगठ्यानं टाचेपासून बोटांपर्यंत दाबत जायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचा आणि म्हणायचा, 'स्वच्छ.' एवढंच. सहा वर्षं, रोज.

पाय ठणठणीत आहेत. पुन्हा विचारू नकोस.

एर्मेलिंदा


१९ डिसेंबर

आल्ताग्रासिया,

आपल्या नऊजणींतल्या प्रुदेन्सिया आणि बाकीच्या आल्या होत्या. तूच धाडलं असणार. मी कडी लावून आत बसले. प्रुदेन्सियाचा आवाज तुला माहीत आहे, डोंगरापलीकडची गाढवं जागी होतात.

'एर्मेलिंदा, दार उघड! पाय बघायला आलोय!'

'पायाला तोंड नाही माझ्या, काही सांगणार नाही तुम्हाला,' मी आतून म्हटलं.

'तू लंगडतेस. काल देवळाकडे जाताना माझ्या सुनेनं बघितलं.'

'चप्पल नवी आहे, चावते.'

'चावतेय हे कळतं तुला?' ती म्हणाली. 'मग बरंय. ज्या दिवशी चावत नाही म्हणशील त्या दिवशी मी दार तोडीन.'

मग त्या गेल्या. मी चुलीसमोर बसून राहिले. अगं, नऊजणींत सगळ्यात कडक मीच होते. डोन्या रेफुखिओनं पाय दाखवायला नकार दिला तेव्हा दोन तास तिच्या उंबऱ्यावर मीच ठाण मांडून बसले होते. आता माझ्या उंबऱ्यावर कुणी बसलेलं मला नको आहे. त्यांच्या हातात पाय दिला की त्यांच्या डोळ्यांत बघावं लागेल, आणि त्या डोळ्यांत मला टाकी दिसते.

तू पाठवलेला आरसा मिळाला. गोल, लांब दांड्याचा, स्वतःचा तळवा स्वतःला दिसावा म्हणून. किती विचार केलास माझा! माणूस काढून नेलंस आणि आरसा पाठवलास. भिंतीकडे तोंड करून टांगून ठेवलाय.

तुला एक विचारू? त्या दिवशी गिरणीच्या रांगेत माझ्या मागे कोण उभं होतं, ते रेडिओवर का नाही सांगितलंस? तूच होतीस. रांग मोठी होती. माझा नंबर येऊन पीठ टोपलीत पडलं होतं, मी निघाले होते. तू हात धरलास, 'थांब गं, माझं होऊ दे, बरोबर जाऊ,' म्हणालीस आणि डोन माकारिओच्या मिशीवरून काहीतरी बोललीस. मी हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. 'पोर सासूबाईंपाशी आहे,' असं मी तुला तिथेच सांगितलं होतं. खोटं. त्या देवळात क्रूसाला फुलं घालायला गेल्या होत्या. पोर झोपली होती, मला वाटलं अर्धा तास काय होतंय.

तुझा दोष आहे असं म्हणत नाही. मीच थांबले, माझेच पाय होते. पण तुझ्या गोष्टीतली आई एकटीच रांगेत उभी आहे. बाजूला कुणी नाही, हसवणारं कुणी नाही. स्वतःला तेवढं बरं उचलून बाहेर ठेवलंस.

त्या संध्याकाळी सेनाइदाला शेवटचं तूच सजवलंस. धर्माची आई म्हणून पांढरा झगा तू आणलास, कागदी फुलांचा मुकुट तू केलास. तो मुकुट कपाळावर घसरत होता आणि तू पुन्हापुन्हा सरळ करत होतीस. हे मला आठवतं म्हणूनच तुला शाप देता येत नाही. नाहीतर दिला असता.

एर्मेलिंदा


८ जानेवारी

आल्ताग्रासिया,

तालुक्याच्या इस्पितळातून लिहितेय. तुझ्या कचेरीपासून दोन गल्ल्या. येऊ नकोस. आलीस तर तोंड फिरवीन.

परवा, तीन राजांच्या सणाला, सकाळी झाडताना बघितलं. खोलीभर ओल्या डागांची रांग, चुलीपासून दारापर्यंत, माझ्याच पावलांच्या अंतरानं. दुखत काही नव्हतं. आरसा काढला, जमिनीवर बसले. उजव्या पायाच्या मधल्या दोन बोटांखाली भोक होतं, लिंबाएवढं, कडा पांढऱ्या आणि आत काळं. वासही येत होता. इतके दिवस तो वास मी मोरीचा समजत होते.

चाळीस घरांतून मी अशा जखमांची चित्रं दाखवत फिरले, आल्ता. 'असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.' पाठ आहे मला. तरी मी तशीच बसून राहिले. मनात आलं, जाऊ दे. गेला पाय तर गेला. सासूबाईंनी नऊ वर्षं सोसलं, मीही सोसते. हे लिहायची लाज वाटते, पण तू माझं सगळंच सांगून टाकलंयस, आता लपवून काय करू.

तेवढ्यात फिदेन्सिओ कुदळ न्यायला आला.

'आरसा जमिनीवर कशाला?'

'तोंड बघतेय.'

'जमिनीवर?'

'माझं तोंड, मी कुठेही बघीन.'

तो दारात उभा राहिला. मग नाक वर केलं त्यानं, जनावर आजारी असलं की गोठ्यात करतो तसं.

'दाखव पाय.'

'तुला काय करायचंय? सात आठवडे कुठे होतास?'

'एर्मेलिंदा, दाखव पाय.'

खाली बसला, पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं दाबत टाचेपासून वर गेला. भोकापाशी थांबला. स्वच्छ म्हणाला नाही. टॉवेल गुंडाळला, मला उचललं आणि रस्त्यावर आला. सणाचा पाव विकणाऱ्याची गाडी चालली होती, तिच्यात मला पावांच्या टोपल्यांमध्ये बसवलं. संपूर्ण रस्ताभर माझा पाय त्यानं हातात धरून ठेवला आणि बघत राहिला दुसरीकडे.

उद्या सकाळी बोटं कापणार. दोन म्हणतात. सगळा पाय जाईल का, ते कापल्यावर कळेल. भीती वाटते मला. हे तुला का लिहितेय कोण जाणे. सवय, दुसरं काय.

ए.


३ मे

कोमाद्रे,

हे लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पण हे नातं ना तुम्ही जोडलं, ना मी. सेनाइदानं जोडलं, आणि तिला विचारल्याशिवाय ते तोडणारी मी कोण? विचारता तर येत नाही. तेव्हा राहू दे.

पाय राहिला. दोनच बोटं गेली. जखम भरायला चार महिने लागले, आता काठी घेऊन गिरणीपर्यंत जाते. आज गेले होते. तीन मे ना. डोन माकारिओ म्हातारा झाला, पण आजही फुकट दळतो. रांगेत उभी राहिले. बायकांनी पुढे जायला जागा दिली, मी नाही गेले. उभी राहिले तेवढा वेळ.

आता मुख्य ते सांगते. बोटं कापली त्या दिवशी दुपारी फिदेन्सिओ माझ्या खाटेशी बसला होता. म्हणाला, 'तू ओरडलीस तेव्हा आई काय म्हणाली?'

वीस वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. तो तेव्हा रानात होता, घरी पोचला तोवर गाव माझ्याच तोंडचं बोलत होतं.

मी म्हटलं, 'काही नाही म्हणाल्या.'

'काहीच नाही?'

'त्यांनीच तिला टाकीतून काढलं होतं. भिजलेल्या होत्या, मांडीवर पोर. मी ओरडले तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आलं, मुली, काय बोलतेस तू? मग आजूबाजूची माणसं बघितली. मग पुन्हा मला बघितलं आणि मान खाली घातली. 'हो,' म्हणाल्या नाहीत, 'नाही' पण म्हणाल्या नाहीत. माझ्यासाठी मान खाली घातली, फिदेन्सिओ, आणि मेल्या तोवर वर केली नाही. मी रोज त्यांना पाणी नेऊन द्यायचे. एकदाही बोलल्या नाहीत त्याबद्दल. मी वाट बघायचे की आज बोलतील. बोलल्या असत्या तर सुटले असते.'

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, गेला. व्हरांड्यातून त्याचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, पोरासारखं, नर्सनं बाहेर जाऊन बघितलं. मग आत आला, खुर्चीवर बसला, आणि दुसऱ्या पायावरची चादर बाजूला केली. तोही बघायचा होता ना.

तो घरी आलाय. रोज संध्याकाळी पाय बघतो. 'स्वच्छ' मात्र अजून म्हणत नाही. कधी म्हणेल का, माहीत नाही. मी विचारत नाही. सासूबाईंचा फोटो त्यानं भिंतीवर लावलाय, मी बसते त्याच्या बरोबर समोर.

तेव्हा तुमचा फॉर्म चुकलाय, कोमाद्रे. प्रुदेन्सियाकडून कोरा मागून घेतला, माझ्या हातानं भरला, सोबत पाठवतेय. सदतिसाव्या प्रश्नाला तुम्ही लिहिलं होतं, मेलेलं मूल बघण्याचा धक्का. रेडिओवरही तुम्ही तेच सांगितलं. कारण मी तुम्हालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. धक्का तो नव्हता. सेनाइदाला बघून मी रडले, आणि रडलं की ते बाहेर पडतं. सासूबाईंनी मान खाली घातली तो धक्का होता, आणि तो कधीच बाहेर पडला नाही. साखर त्यानं झाली की आणखी कशानं, ते डॉक्टरीणबाई ठरवोत. तपासणीला न जाण्याची बारा वर्षं मात्र त्याचीच, ती नोंदवून घ्या. कुणी सुई टोचून आत बघू नये, एवढंच वाटायचं मला.

हे मी आधी फिदेन्सिओला सांगितलं, मग तुम्हाला. तुम्ही क्रम चुकवला होता, मी लावून घेतला.

मृतांच्या दिवसानंतर पुन्हा मधुमेह दिन येईल, पुन्हा तुम्हाला रेडिओवर बोलावतील. तेव्हा ही गोष्ट सांगायची असेल तर सांगा. पण गाव बदलायचं नाही, मुलीचा मुलगा करायचा नाही, रांगेत मागे कोण होतं तेही गाळायचं नाही. नावं घेऊन सांगा. पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं, बासिलिया ओचोआ. त्यांनी मुलीला सोडलं नव्हतं, हे पहिल्या वाक्यात सांगा. माझं नाव नंतर घेतलं तरी चालेल.

लाल पिशवी परत पाठवा. डोन्या रेफुखिओ पुन्हा पाय दाखवत नाही म्हणे.

एर्मेलिंदा